पी मधून हलेना: पुरातून आलेल्या ऑटोमॅटिक गाडीच्या जड गिअरचं प्रकरण

गाडी २००९ सालची, पेट्रोलवरची सेडान. टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा) पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर लाखाला थोडे कमी किलोमीटर. मालक बँकेतून निवृत्त होऊन वेळणेश्वरच्या बाजूला गावच्या घरी राहायला आलेले. डावा गुडघा बदललेला, त्यामुळे क्लचची गाडी नकोच. २०२२ साली चिपळुणात ही गाडी त्यांना बऱ्यापैकी स्वस्तात मिळाली. आदल्या वर्षीच्या पुरात तिथल्या गाड्या बुडाल्या होत्या, त्यामुळे चिपळूण आणि २०२२ हे एका वाक्यात आलं की इकडचा मेकॅनिक आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पुराच्या पाण्याची खूण बघतो. मीही बघितला. तळाच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती.

तक्रार एका ओळीची: "गिअर टाकायला दोन हात लागतात रे." शृंगारतळीला माझ्या गॅरेजात गाडी आली ती नवरात्रात, पाऊस नुकता उघडला होता. काकांनी सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी काही नाही. मग थंडीत सकाळी पहिल्यांदा पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) ला घेताना दांडा चिकटल्यासारखा वाटायचा, दोन-चारदा मागेपुढे केला की मोकळा व्हायचा. पुढच्या पावसाळ्यात तो दिवसभर जड राहू लागला. या पावसाळ्यात काकूंनी गाडी चालवणंच सोडलं, मनगटाला झेपेना म्हणून. शिवाय अधूनमधून गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही, एन (न्यूट्रल) मध्ये घेतली की होते. हे शेवटचं वाक्य काकांनी जाता जाता सांगितलं, बॅटरीचा दोष समजून. माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात कामाचं होतं.

निकर आला धोपाव्याच्या जेट्टीवर. लेक दापोलीला दिलेली, त्यामुळे काकांची वाट ठरलेली: गुहागर, धोपावे, फेरीबोट, दाभोळ. चिपळूण-खेडचा वळसा वाचतो. बोटीच्या रांगेत गाडी उतारावर पी मध्ये उभी होती. बोट लागली, रांग हलली आणि दांडा पी मधून निघेना. मागून हॉर्न सुरू. रांगेतल्या मुंबईच्या एका ड्रायव्हरने दांड्याशेजारची छोटी टोपी उचकटून खालच्या भोकात किल्ली खुपसली, म्हणजे लॉक हाताने सोडायची जी सोय असते ती वापरून बघितली. काही उपयोग नाही. शेवटी त्यानेच दोन्ही हातांनी हिसडा दिला, तेव्हा दांडा आर ओलांडून थेट एन मध्ये जाऊन बसला. उतार, समोर खाडी आणि गाडी न्यूट्रलमध्ये. काकांचा पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं.

माझ्याआधी तिघांनी गाडी बघितली होती. एकाने गिअर ऑइल बदललं. एकाने दांड्याच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारला, त्याने दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्याने गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल असं सांगून पाऊण लाखाच्या आसपासचा अंदाज लिहून दिला. तिघेही आपल्या धंद्यात कच्चे नाहीत. चूक आहे ती सवयीची. आपले हात क्लचच्या गाडीवर घडलेले. तिथे गिअर जड पडतो म्हणजे क्लच नीट सुटत नाही किंवा सिंक्रोनायझर (गिअरांचा वेग जुळवणारी कडी) झिजलाय, कारण तिथे आपला हात खरोखर गिअर सरकवत असतो. ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर सरकतच नाही. दांडा एक केबल ओढतो, केबल गिअरबॉक्सवरचा छोटा आर्म फिरवते, आर्म एक शाफ्ट फिरवतो, आणि आत त्या शाफ्टला जोडलेला एक बारीक व्हॉल्व्ह पुढेमागे सरकून तेलाची वाट बदलतो. बाकीचं काम तेलाच्या दाबाने, क्लचपॅक (आतल्या क्लचच्या चकत्या) आणि सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने हलणारे भाग) यांच्या हिशोबाने होतं. पी मध्ये एक खटका आडवा पडून गिअरबॉक्सची बाहेर जाणारी बाजू अडवतो, एवढाच काय तो दांडगा भाग. म्हणजे ऑटोमॅटिकचा दांडा हा जवळजवळ एक लांबट स्विच आहे. तो जड झाला म्हणून आतले गिअर बिघडले असं होत नाही. चालताना ही गाडी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत लोण्यासारखी गिअर बदलत होती, झटका नाही, घसरण नाही. ज्याला गिअरबॉक्स खोलायचा होता त्याने ती चालवून बघितली असती तर बरं झालं असतं.

(हे सगळं केबलवाल्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल चाललंय. हल्ली इकडे ज्या छोट्या एएमटी गाड्या (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) दिसतात त्यातल्या बहुतेकांत दांडा फक्त विजेचा संदेश पाठवतो. त्यांना यातलं फारसं लागू नाही.)

गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. आधी उताराची शंका काढून टाकायची होती. उतारावर गाडी पी वर सोडली की तिचं सगळं वजन त्या खटक्यावर येतं, आणि मग पी मधून काढताना दांडा जड लागतो, कट्ट आवाज येतो. चांगल्या गाडीतही हे होतं. काकांना अर्धी खात्री होती की आपलंही तेच आहे. पण इथे सपाटीवरही जोर तेवढाच लागत होता, आणि फक्त पी मधून नाही तर आर, एन, डी (ड्राइव्ह), सगळीकडे.

या "सगळीकडे" मुळे आणखी एक संशयित गळला. ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून दांडा निघू नये म्हणून एक सोलेनॉइड असतो. ब्रेकचा स्विच खराब झाला तर तो सुटत नाही आणि दांडा पी मध्ये अडकतो. पण तो अडवतो फक्त पी ला, आणि अडवतो तेव्हा पूर्ण अडवतो. जड करत नाही. इग्निशन ऑन करून ब्रेक दाबला, मागचे दिवे लागले, कन्सोलमधून (दांडा बसवलेल्या, सीटांमधल्या खोक्यातून) टक आवाज आला. लॉक ठीक. जेट्टीवर किल्ली खुपसून काही झालं नाही ते याचमुळे.

मग इंजिन बंद ठेवून, नुसत्या इग्निशनवर दांडा फिरवला. तेवढाच जड. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आत दाब शून्य. तरीही जडपणा तसाच, म्हणजे तेलाचा यात हात नाही. ऑइल बदलायचे पैसे या एका तपासणीत वाचले असते.

नुसतं "जड" म्हणून भागत नाही, कारण प्रत्येकाच्या हाताचं जड वेगळं. बाजारात मासळी तोलायला वापरतात तसला हुकाचा स्प्रिंग काटा माझ्याकडे आहे. दांड्याच्या मुठीला सुतळी बांधून काटा अडकवला आणि आर पासून एन पर्यंत सावकाश ओढला. नऊ किलोच्या वर गेला. शेजारी सर्व्हिसिंगला आलेली दुसरी ऑटोमॅटिक होती, तिला तसाच लावला: दोनच्या आत.

खरी वाटणी आता करायची होती. दांडा आणि केबल एका बाजूला, गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला, मध्ये एक पिन आणि एक क्लिप. एअर फिल्टरचा डबा काढला की वरून आर्म दिसतो. क्लिप काढून केबलचं टोक आर्मवरून सोडवलं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: केबल सुटली की दांडा पी वर आहे याला काही अर्थ राहत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये असू शकते. ठोकळे आधीच लावायचे ते यासाठी.

आता केबिनमधला दांडा हलवला. हलका झाला, पण काट्यावर अजून पाचच्या पुढे. पलीकडे काहीही जोडलेलं नसताना पाच किलो. म्हणजे केबल दोषी. बरेचजण इथे थांबतात, केबल मागवतात, बसवतात, आणि गाडी अर्धी बरी होऊन परत जाते. दुसरी बाजूही बघायला हवी, म्हणून आर्म हाताने फिरवला. चांगल्या गाडीत तो चिमटीत धरून फिरतो आणि प्रत्येक जागी खटकन बसतो. आत एक स्प्रिंग आणि रोलर असतो, तो दातेरी पट्टीच्या खाचेत पडतो. इथे आर्म चिमटीत हलेना. पाना लावून फिरवला तर फिरला, पण खटका जाणवला नाही, चिखलातून काठी फिरवावी तसा.

दोष दोन निघाले. आता प्रश्न असा की दुसरा दोष गिअरबॉक्सच्या आत आहे की बाहेर. पाऊण लाखाचा प्रश्न हाच होता.

त्या शाफ्टवर, गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला, एक चपटा स्विच बसलेला असतो. कोणी त्याला इनहिबिटर म्हणतं, कोणी न्यूट्रल स्विच. शाफ्ट त्याच्या मधून आरपार जातो आणि आतली चकती शाफ्टबरोबर फिरते. गाडी कुठल्या जागेवर आहे ते डॅशबोर्डला आणि कंट्रोलरला तोच सांगतो. पी किंवा एन असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही तोही तोच. काकांची गाडी पी मध्ये स्टार्ट होत नव्हती ते आठवा. माझा संशय तेव्हापासून याच्यावर होता.

याची परीक्षा सोपी आहे आणि काही उतरवावं लागत नाही. स्विचचा कपलर (वायरींची जोडणी) काढला, म्हणजे वायरी ताणल्या जाऊ नयेत. मूळ जागेची खूण म्हणून पितळी सुईने बॉडीवर रेघ ओढली. मग स्विच गिअरबॉक्सला धरून ठेवणारे दोन्ही बोल्ट काढले, स्विच शाफ्टवर तसाच राहू दिला, आणि आर्म फिरवला. आर्मबरोबर आख्खा स्विच गरगर फिरला, आणि शाफ्ट हलका! पी, आर, एन, डी, प्रत्येक खाच बोटांना कळली. स्विच बांधलेला असताना त्याच्या पोटातली चकती जाम होती आणि शाफ्टला तिच्याशी झगडत फिरावं लागत होतं. गिअरबॉक्स आतून ठणठणीत.

काकांना बोलावून त्यांच्याच हाताने आर्म फिरवून दाखवला. "एवढंच?" म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मग त्याने पाऊण लाख कसले लावले होते?" याचं उत्तर मी दिलं नाही.

स्विच शाफ्टवरून काढायला मात्र दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. लोखंडी शाफ्ट, अॅल्युमिनियमची बॉडी, आणि मध्ये ओल. दोन वेगळे धातू खारट ओलीत एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी फुगून फट बुजवते. अशा वेळी हातोडी घेऊ नये. शाफ्टवर ठोकलं तर ठोका आत त्या दातेरी पट्टीच्या पिनेवर जातो, आणि गिअरबॉक्सच्या अंगाला पहार टेकवून उचकटलं तर अंग फुटतं; मग पाऊण लाखाचं बिल खरं ठरतं. गंज सोडवायचं तेल घालून रात्रभर ठेवलं होतं, तरी सकाळी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, परत तेल, असं करत करतच तो सुटला. खालून निघाली पांढरी भुकटी, तांबूस गंज, आणि बारीक लालसर गाळ. शाफ्टची उघडी बाजू बारीक पॉलिशपेपरने हाताने साफ केली. त्याआधी खालच्या ऑइल सीलभोवती कापड गुंडाळलं, कारण पेपरची कच सीलच्या ओठाखाली गेली तर उद्या तिथून तेल गळणार.

केबल काढायला कन्सोल उघडला आणि गालिचा उचलला. दांड्याच्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यात सुकलेल्या गाळाचे पापुद्रे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात किती गाड्या बुडाल्या ते इकडे सगळ्यांनी बघितलं आहे. बऱ्याच गाड्या विम्यात गेल्या. ज्यांत पाणी सीटपर्यंतच गेलं होतं त्यांची सीटं उन्हात वाळवली, इंजिन ऑइल बदललं, गालिचे धुतले, आणि त्या परत रस्त्यावर आल्या. ही त्यातली. ज्याने साफ केली त्याने वाईट काम केलं नव्हतं. पण केबल कोण धुतो?

केबल बाहेर काढून एक टोक वर धरून उभी टांगली. खालच्या टोकातून तपकिरी पाण्याचे थेंब पडले, ऑक्टोबरच्या उकाड्यात. या केबलची घडण अशी असते: मध्ये तारेचा दोर, त्याभोवती प्लास्टिकची गुळगुळीत नळी, त्यावर पोलादी तारांचं वेटोळं, आणि सगळ्यात बाहेर काळं आवरण. कन्सोलकडून उतरून गिअरबॉक्सकडे चढताना केबल एका ठिकाणी खाली झोळ खाते. पुराचं पाणी टोकाच्या फाटक्या रबरी बुटातून (टोपणातून) आत गेलं आणि त्या झोळात थांबलं. उन्हाळ्यात थोडं सुकत असेल, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा काही सुकू देत नाही, आणि काकांचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पोलादी वेटोळं आतून गंजलं, गंज फुगला, त्याने प्लास्टिकची नळी दाबली, नळीने दोर आवळला. हे एका दिवसात होत नाही, म्हणून पूर आणि जड दांडा यांच्यात तीन पावसाळे गेले आणि कुणाला दोन्हींचा संबंध लागला नाही. माझं मत असं की सुरुवात पुराने केली आणि उरलेलं खाऱ्या हवेने उरकलं. खारी हवा एकटी असती तर बूट फाटेपर्यंत केबल तगली असती.

काकांनी विचारलं, यात तेल सोडून चालणार नाही का? रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला चालेल. पण आतली नळी मुळात कोरडी राहून सरकावी अशीच बनवलेली असते. तेल आतल्या गाळाशी कालवून त्याचा मलम होतो आणि तो नळी घासत राहतो. आणि नळीला बाहेरून आवळणारा गंज तेलाने मागे हटत नाही. आधीच्या स्प्रेने दोन दिवस बरं वाटलं आणि मग जास्त बिघडलं, ते असंच.

केबल नवीनच घ्यायची, यावर मी अडून बसलो. वापरलेली केबल म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी पावसाळ्यांचा गंज विकत घेणं. ती मुंबईहून लक्झरीने आली. स्विच मात्र कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातला घेतला, कारण स्विच घेण्याआधी तपासता येतो: चकती हाताने फिरवून बघायची आणि प्रत्येक जागेवर मल्टिमीटरने पिना जुळतात का ते पाहायचं.

बसवणं सोपं, जुळवणं महत्त्वाचं. आर्म आधी पी च्या टोकापर्यंत नेला, तिथून दोन खटके मागे आणला: पहिला आर, दुसरा एन. केबिनमध्ये दांडा एन वर ठेवला. दोन्ही एन वर असताना केबलचं टोक ओढाताण न करता आपोआप पिनेवर बसायला हवं. बसलं नाही तर अॅडजस्टर फिरवायचा, जोर लावून बसवायचं नाही. केबल अर्धा खटका जरी चुकली तरी दांडा डी दाखवतो आणि आतला व्हॉल्व्ह धड डी ला नसतो. तेलाचा दाब कमी मिळून क्लच घसरतात, जळतात. पी च्या बाजूला चुकली तर खटका अर्धाच पडतो आणि उभी गाडी उतारावर चालू लागते. गाडी फेरीबोटीवर नेणाऱ्या माणसासाठी तर हे नकोच. स्विचही एन ला धरून जुन्या खुणेचा अंदाज घेत बसवला, मग प्रत्येक जागेवर डॅशवरचं अक्षर, फक्त आर मध्ये मागचा पांढरा दिवा, आणि फक्त पी व एन मध्ये स्टार्टर, असं तपासलं. पी मध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून, मी आणि माझ्या पोऱ्याने गाडी ढकलून बघितली. तसूभर डोलली आणि थांबली.

काटा परत लावला. दोन किलोच्या जरा आत.

दांड्याच्या बुडाचा आस पुसून पांढरं ग्रीस लावलं, नव्या केबलच्या बुटाचं तोंड नीट बसवलं, गालिच्याखालचा गाळ धुऊन काढला. गिअर ऑइलला हात लावला नाही. ते नुकतंच बदललेलं होतं आणि त्याचा दोष नव्हता. सगळा खर्च त्या पाऊण लाखाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास.

गाडी देताना काकांना एक सवय लावायला सांगितली. उतारावर थांबताना आधी पाय ब्रेकवर, दांडा एन ला, हँडब्रेक ओढायचा, मग पाय हलकेच उचलून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून पी. वजन हँडब्रेक घेतो, खटका नुसता राखण करतो. काका म्हणाले, "बँकेत सेफच्या दोन चाव्या असायच्या तसं." त्यांना पटलं हे बरं.

पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला आली. बूट शाबूत, दांडा हलका, काट्यावर फरक नाही. काकू परत गाडी चालवतात, गुहागरच्या बाजारापर्यंत तरी. कन्सोलवरच्या पी अक्षरामागचा बल्ब गेला होता. बदलू का विचारलं तर काका म्हणाले, डॅशवर दिसतंय ना, मग कशाला.